महिपतीकाका गेले

रामवाडी, पेण
सोमवार, २० जानेवारी २०२५

ती. बाबांस,

तुम्ही जिवंत आहात. काल दुपारी बारा वाजता मी ते माझ्या डोळ्यांनी पाहिलं आणि आज ओट्याशी उभ्यानंच हे लिहितेय. अक्षर वाकडं आलं तर त्याला एवढंच कारण आहे, रडणंबिडणं काही नाही.

'तीर्थरूप' लिहायचा हक्क मला राहिलाय की नाही कोण जाणे. अकरा वर्षांपूर्वी तुम्ही माझ्या नावानं आंघोळ केलीत. मेलेल्या मुलीनं बापाला पत्र लिहिताना मायना काय घालायचा, हे रोह्याच्या शाळेत शिकवलं नव्हतं.

तर पहिलं सांगायचं ते हे, की काल मी दारात आले त्याचा भलता अर्थ काढू नका. रोह्याला माझं काम होतं. हार गावदेवीसाठी घेतला होता. वाटेत घर लागलं म्हणून डोकावले, इतकंच.

वरचा परिच्छेद खोडणार होते. राहू दे. माझं रोह्याला काडीचं काम नव्हतं, आणि हार तुमच्यासाठीच होता. तुम्ही गेलात असं मला कळलं होतं.

कसं कळलं ते सांगायचं तर आणखी एक गोष्ट कबूल करावी लागेल. तुमच्या 'परसबाग पेण-रोहा' ग्रुपमध्ये भूमिकाची आई म्हणून जी बाई आहे, ती मी. भूमिका तुमची नात, आता नऊ वर्षांची आहे. नंबर नवीन, नाव हे असं, फोटोच्या जागी जास्वंदीचं फूल. तुम्हाला कळणार कसं? दोन वर्षं मी रोज सकाळी तुमच्याशी बोलतेय. तुम्ही साडेपाचला 'झाला का चा' लिहायचात आणि मी 'झाला काका, तुमचा?' असं विचारायचे. सख्ख्या बापाला काका. पहिल्या दिवशी लिहिताना अंगावर काटा आला होता, पुढे सवय झाली.

तुम्ही आठवून बघा, त्या भूमिकाच्या आईला काही म्हणजे काही यायचं नाही. वाल किती वेळ भिजवायचे, मोड आल्यावर साल सुटत नाही तर काय करायचं, मिरचीची पानं आकसली तर कशानं. तुम्ही एकदा चिडून लिहिलं होतंत, 'तुजी आय काय शिकवून गेली नाय का?' बाबा, मी सहा वर्षांची असल्यापासून आईच्या शेजारी बसून बिरडं सोलतेय. मला सगळं येतं. पण विचारलं नाही तर तुम्ही लिहिणार कशाला?

काल सकाळी सहा वाजता ग्रुपवर नर्सरीवाल्या नितेशचा मेसेज आला. 'महिपतीकाका गेले.' पुढे एक रडका चेहरा. त्याच्याखाली गणेश प्रिंटर्सवाल्याचं 'भावपूर्ण श्रद्धांजली', मग हैबतरावांचं, आणि मग रांगच लागली. मी ओट्याशी उभी होते. चहा उतू जाऊन गॅस विझला, तरी मला कळलं नाही. मिथुन, तुमचा जावई, पहिल्या शिफ्टला डोलवीच्या कंपनीत गेलेला. भूमिका म्हणाली, आई, वास येतोय.

ग्रुप सोडला की आता फक्त अ‍ॅडमिनला दिसतं, हे मला मागाहून कळलं. तुम्ही ग्रुप सोडलात, ते नितेशला दिसलं, आणि त्या शहाण्यानं तेवढंच लिहिलं. गेले. कुठून गेले, ते लिहायचे कष्ट घेतले नाहीत. आदल्या दिवशी पोपटीच्या मडक्यात वालाच्या शेंगांबरोबर बटाटे घालण्यावरून तुमची आणि हैबतरावांची जुंपली होती. तुम्ही 'ही पोपटी हाय का बटाट्याची भाजी?' असं विचारलंत, त्यांनी हसरे चेहरे टाकले. त्यावरून रागावून बाहेर पडलात ना? बटाट्यापायी, बाबा!

मीही ग्रुपवर बाकीच्यांसारखी एक ओळ टाकली. मग भूमिकाला शेजारी सोडलं, हार घेतला आणि गाडी पकडली. कासूला गाडी थांबवून ठेवली होती, मागून एक्स्प्रेस जायची होती. वीस मिनिटं. तुम्हाला नेतील आणि मी कासूच्या फलाटाकडे बघत बसेन, असं वाटून मी शेजारच्या बाईला उगाचच ओरडले.

आणि घरी आले तर तुम्ही ओटीवर. मांडीशी परात, पुढ्यात मोड आलेले वाल, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. माझ्या तोंडातून शब्द आला तो 'काका'. तुम्ही वर बघितलंत. अकरा वर्षांनी माझ्याशी पहिलं वाक्य बोललात ते, 'हार कोनाला गो?'

मी काय सांगणार होते? हार ओटीच्या कडेला ठेवला आणि पळत सुटले. मागून तुम्ही काहीतरी म्हणालात, ते मला ऐकू आलं नाही. मी मागे वळले नाही याचा राग धरू नका. जिवंत माणसाला हार घेऊन आलेली बाई दुसरं काय करेल?

फोन बंद करून कपाटात ठेवलाय. म्हणून हे पत्र.

वैशाली

*

रामवाडी, पेण
गुरुवार, २३ जानेवारी २०२५

ती. बाबांस,

पहिलं पत्र पोचलं की नाही, ठाऊक नाही. पेणहून रोह्याला माणूस तासाभरात जातो, कागदाला तीन दिवस लागतात.

काल रितेशदादाचा मिथुनच्या फोनवर फोन आला. अकरा वर्षांत पहिला. 'भाऊजी' वगैरे काही नाही, थेट 'तिला दे.' मी कानाला लावला आणि पंधरा मिनिटं नुसती ऐकत राहिले. 

गेल्या पत्रात मी लिहिलं, की ग्रुपवर एक ओळ टाकली. ती एक ओळ नव्हती. दादानं ती तुम्हाला वाचून दाखवली असेलच, तरी माझ्या हातानं लिहिते. गाडी पेणहून सुटायच्या आत मी लिहिलं होतं:

'मी भूमिकाची आई. माझं नाव वैशाली. महिपतीकाका माझे सख्खे वडील होते. मी मिठागरवाल्यांच्या घरात लग्न केलं म्हणून त्यांनी मला तोडलं. या ग्रुपवर मी दोन वर्षं त्यांच्याशी परकी होऊन बोलले. त्यांना कधीच कळलं नाही. आज मी त्यांना शेवटचं बघायला जातेय. बाबा, मला एकदा तरी नावानं हाक मारायला हवी होती.'

एकशे बासष्ट माणसं आहेत त्या ग्रुपमध्ये. तोवर अर्ध्यांना शंका होती, म्हणे. कोणी म्हणत होतं, फोन करून विचारू या. पण सख्ख्या मुलीनं लिहिल्यावर कोण कशाला फोन करतोय? नितेशनं चारदा खुलासा टाकला, पण मिनिटाला वीस श्रद्धांजल्या येत होत्या, त्याचं वाचतंय कोण! म्हणजे तो नुसता शब्दाला चुकला. तुम्हाला खरं मारलं ते मी.

दादा म्हणाला, कासूची सरूआत्या गल्लीच्या तोंडापासून हंबरडा फोडत आली आणि तुम्हाला चहा पिताना बघून तुम्हालाच म्हणाली, 'महिपती, कधी गेलास रे?' जनूमामा सरपण घेऊन आला. आणि गणेशनं नाक्यावर तुमचा फ्लेक्स लावला. फोटो कुठला, तर ग्रुपवरचा, तुम्ही तीन हात लांब पडवळ धरून हसताय तो. खाली 'शोकाकुल: परसबाग परिवार'. तो फ्लेक्स तुम्ही स्वतः दूध घालायला जाताना बघितलात आणि सायकल धरून तिथेच उभे राहिलात, असं दादा म्हणाला. किती वेळ उभे होतात, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

हे ऐकताना मला हसू आलं, बाबा. खोटं कशाला बोलू? दादाला ते ऐकू गेलं. मग त्याचा आवाज चढला. 'गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नायस. बापाला जित्तेपणी मारलंस. तेव्हा गेलीस ती गेलीस, आता खरंच येऊ नको.' आणि ठेवला.

मी ओट्याला टेकून उभी राहिले. मिथुननं माझ्या हातातला फोन घेतला आणि पाण्याची बादली उचलली. तो तुम्हाला ठाऊक नाही, पण तसाच आहे. कंपनीत बारा तास ठेकेदाराचं ऐकतो आणि घरी येऊन माझ्या गच्चीवरच्या टबांना पाणी घालतो. 'मिठागरात वाल उगवत नाय,' असं तुम्ही त्याच्या बापाला सांगितलं होतंत. गेल्या शनिवारी त्याच्याच टबातल्या शेंगा भूमिकानं तोडल्या, त्याचा फोटो मी ग्रुपवर टाकला होता. तुम्ही काही लिहिलं नाहीत. एरवी कोणाच्या कोथिंबिरीलाही 'झकास' लिहिता.

माझ्यामुळे तुमचं हसं झालं. माफी मागते. पण एक खरं सांगते, त्या मेसेजमधलं मी काहीही परत घेणार नाही.

वैशाली

*

रामवाडी, पेण
बुधवार, २९ जानेवारी २०२५

ती. बाबांस,

काल प्रणितावहिनीनं गुपचूप फोन केला. म्हणाली, 'मामंजींना दोन्ही पत्रं मिळाली. वाचली, घडी केली, बंडीच्या खिशात ठेवली. यांना दिली नायत.' मी विचारलं, काही म्हणाले का? ती म्हणाली, 'काय नाय. दोन दिस वाल सोलतायत. एवढं बिरडं खाणार कोण, तेच कळत नाय.'

तेव्हा हे तिसरं आणि शेवटचं पत्र. यानंतर मी तुम्हाला त्रास देणार नाही. यात एकच प्रश्न आहे. त्याचं उत्तर मला हवंय, बाकी काही दिलं नाहीत तरी चालेल.

त्या रविवारी घरातून निघण्याआधी मी आणखी एक गोष्ट केली होती. दोन्ही पत्रांत ती लपवली, कारण लिहायलाही जीभ जड होते. हाताला म्हणायला हवं, पण जीभच जड होते.

बाप गेला म्हणजे लेकीला आंघोळ आली. सासरी असली तरी तीन दिवसांचं सुतक. आंघोळ करायची की नाही, हेच मला कळेना. तुम्ही तर मला अकरा वर्षांपूर्वीच मोकळं केलं होतंत. मेलेलीला कसलं सुतक? मग म्हटलं, त्यांनी माझ्या नावानं केली ना, मीही त्यांच्या नावानं करते. फिटंफाट. असल्या वेळीही मला फिटंफाट सुचलं बघा, तुमचीच लेक.

बादली भरली. नेसत्या साडीनिशी बसले. पहिला तांब्या डोक्यावर घेतला. जानेवारीचं पाणी, पण गार लागलं नाही. तुमचं नाव मनात घेतलं आणि दुसरा तांब्या उचलला तो डोक्यापर्यंत जाईना. हात नुसता वर धरलेला. ते पाणी एकदा ओतलं की तुम्ही गेलातच, असं मला वाटत होतं. जसं काय तोवर तुम्ही माझ्या हातात होतात. कसंबसं ओतलं. मग तशीच बसून राहिले. भूमिका दार वाजवत होती.

आणि तुम्ही जिवंत होतात! मी जिवंत बापाच्या नावानं पाणी घेतलं. हे आठवलं की अजून मध्येच हातातलं काम थांबतं. परवा बाजारात पैसे देता देता थांबले, तर भाजीवाली म्हणाली, बाई, बरं वाटत नाही का?

मला तर तुम्ही गेलात असं वाटत होतं, तरी माझा हात उचलत नव्हता. तुम्हाला तर ठाऊक होतं, की मी धडधाकट आहे, पेणला आहे, लग्नाच्या हिरव्या साडीत आहे. मग बाबा, तुम्ही ते पाणी कसं ओतलंत? हाच माझा प्रश्न. मी चेष्टा करत नाही, टोमणाही मारत नाही. तुमचा हात कसा उचलला?

फोन परत चालू केलाय. ग्रुपवर आता कोणी 'गेले' हा शब्द लिहीत नाही. नितेशची बायको बाजारात गेली तरी तो 'बाजारात पोचली' लिहितो. हैबतरावांनी विचारलं होतं, 'काका सुखरूप आहेत तर मग श्रद्धांजलीचं काय करायचं? डिलीट करायची की पुढे कामाला येईल?' लोक अजून हसताहेत. सकाळी साडेपाचला मात्र कोणीच काही लिहीत नाही. सगळे थांबलेले असतात, असं मला वाटतं.

वैशाली

*

सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

चि. वैशालीस आशीर्वाद.

तिन्ही पत्रं पोचली. मी सातवी पास. फोनवर दोन शब्द लिवता येतात, कागदावर लिवायची सवय ऱ्हायली नाय. चुकलं माकलं समजून घे.

हैबतरावापायी मी ग्रुप सोडला नाय. बटाट्यावरनं कोन ग्रुप सोडतो व्हय? शनवारी तू पोरीचा फोटो टाकलास. ओंजळीत शेंगा धरून उभी. ऊन नसतानापन डोळं बारीक करून हसते. तुजी आय तशीच हसायची. मी प्रणिताला म्हटलं, ही कोनाची गो? ती म्हनाली, मामंजी, नाव बगा की. भूमिका. आपल्या वैशालीताईची. तिला ठाव व्हतं, मला कोन सांगनार?

दुसऱ्या दिवशी पाटे 'झाला का चा' लिवायला घेतलं. म्हटलं, आता ही इचारनार, 'झाला काका, तुमचा?' आता मी काय लिवू? काका म्हनून लिवू का बाप म्हनून? तवा भायेर पडलो. मी मेलो म्हनून बोंब उठेल, हे काय मला म्हाईत?

तू आलीस तवा मी घाबरलो. अकरा वर्सं काय काय बोलायचं ठरवलेलं व्हतं, आन् तोंडातनं निघालं 'हार कोनाला'. तू पळालीस तवा मागनं मी 'वैशाली' म्हटलं. तुला आयकू गेलं नाय.

आता तुज्या पान्याचं.

तुज्या लग्नाचं कळलं तवा भावकीतली चार मानसं घरात बसली व्हती. समदी माज्या तोंडाकडं बगत. मी म्हटलं, तिच्या नावानं आंगोळ करून येतो. बावीवर गेलो. पानी शेंदलं. बादली उचलली, डोक्यापातूर नेली, आन् हात तितंच थांबला. तू लिवलंस तसाच. किती वेळ उभा व्हतो ते म्हाईत नाय. मग बादली खाली घेतली आन् कडीपत्त्याच्या आळ्यात ओतली. दोन ओंजळी घेऊन केस ओलं केलं, टावेल गुंडाळला आन् घरात आलो. समदी म्हनाली, झालं. मीपन म्हटलं, झालं.

मी आंगोळ केलीच नाय गो. रितेशनं ओलं केस बगितलं आन् तुला फोन केला. मी आडवलं नाय. आंगोळ केली नाय म्हनून भावकीची लाज, आन् केली म्हनून सांगितली तिची तुज्याफुडं लाज. दोन्हीपायी अकरा वर्सं गप ऱ्हायलो. हे आज पयल्यांदा तुला सांगतो. रितेशलापन आज सांगितलं. तो बोलत नाय, पर जेवला.

तू घेतलंस त्या पान्याचं मनाला लावून घेऊ नको. मला काय झालं नाय. गुडगं दुकतात, ते आदीपासनं.

फ्लेक्स उतरवला. चांगला जाड हाय, अंगनात पसरून त्यावर वाल सुकवतो. हार खिळ्याला टांगलाय, फुलं वाळली.

नऊ तारखेला रविवार हाय. पोरीला आन् मिथुनरावांना घेऊन ये. त्यांना इचार, टबात खत कंचं घातलं. बिरडं लय झालंय, खायाला मानसं पायजेत.

दारात आलीस की काका म्हनू नको.

तुजा बाप
महिपती